नौरू : एकवीस चौरस किलोमीटरचा देश आणि आपल्या खताची गोणी

नकाशावेडा (धागाकर्ता)

आमचं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी १९८६ साली टाकलं, आता मी बघतो. लहानपणी खतांच्या थप्प्यांवर बसून गृहपाठ केलाय, त्यामुळे गोणीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय तेव्हापासूनची. गेल्या महिन्यात गोव्यातल्या झुआरीनगरच्या खत कारखान्याबद्दल वाचत होतो. तो कारखाना २०२२ मध्ये पारादीप फॉस्फेट्सकडे गेला. मग ओडिशाची ही कंपनी मुळात कुणाची, म्हणून मागे मागे गेलो आणि थांबलोच. १९८१ साली ती स्थापन झाली तेव्हा भागीदार दोन होते : भारत सरकार आणि नौरूचं प्रजासत्ताक!

नौरू म्हणजे प्रशांत महासागरातला २१ चौरस किलोमीटरचा एक ठिपका. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान त्याच्या जवळजवळ पाचपट भरेल. लोकसंख्या बारा हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे आमच्या बाजाराच्या गावाहून कमी. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याच्याहून लहान देश जगात नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम अर्ध्या अंशावर, आणि सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे किरिबाटीतलं बनाबा बेट, तेही सुमारे ३०० किलोमीटरवर.

बेटाचा आकार साधारण अंड्यासारखा. कडेला प्रवाळाचा खडक, त्याच्या आत नारळाची अरुंद पट्टी, त्या पट्टीतून बेटाला वळसा घालणारा एकोणीसेक किलोमीटरचा रस्ता. लोक राहतात ते या पट्टीत. मधला उंचवटा म्हणजे 'टॉपसाइड', आणि बेटाचा बहुतेक भाग तोच. तिथे चुनखडीच्या सुळक्यांमध्ये फॉस्फेटची माती, म्हणजे खताचा कच्चा माल, भरलेली होती. होती म्हणतो, कारण ती बहुतेक सगळी काढून नेली. आता उरलेत ते करड्या रंगाचे सुळके, काही माणसाच्या कितीतरी पट उंच. त्यांच्यावर चालता येत नाही, घर बांधता येत नाही, पेरता तर अजिबात येत नाही. बेटाच्या पोटात बुआडा नावाचं एक तळं आहे, त्याच्या काठी तेवढी हिरवळ.

उपग्रहाचा नकाशा उघडून बघा. मी बराच वेळ बघत बसलो होतो. आपण शेतात टाकतो ते स्फुरद कुणाच्या तरी पायाखालून येतं, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळतंय.

नौरूबद्दल कुणाला अधिक माहिती असेल तर जरूर लिहा. मला हा देश नीट समजून घ्यायचाय.

जुनाखलाशी

नकाशावेडा, धागा बघून अंगावर काटा आला. मी रत्नागिरीचा, आता घरीच असतो. ऐंशीच्या दशकात बल्क कॅरिअरवर (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) असताना नौरूला माल भरायला दोनदा गेलोय.

बंदर नाही हो त्या देशाला. म्हणजे तेव्हा नव्हतंच. खडकाची कड संपली की समुद्र एकदम खोल, नांगर टाकायची सोय नाही. जहाज बोयांना, म्हणजे पाण्यात तरंगत्या पिंपांना, बांधायचं आणि किनाऱ्यावरून दोन प्रचंड लोखंडी हात बाहेर यायचे, कँटिलिव्हर. त्यांच्यावरच्या पट्ट्यावरून फॉस्फेट थेट जहाजाच्या पोटात. भरायला लागलं की भुकटीचा ढग उठायचा, डेकवर सगळं पिठासारखं. काम फार झपाट्याने व्हायचं. पण पश्चिमेचे वारे सुरू झाले की सगळं ठप्प. मग बोया सोडून जहाजं लांब जाऊन नुसती तरंगत राहायची. एका फेरीला आम्ही आठ दिवस तसे होतो. बेट समोर दिसतंय आणि जवळ जाता येत नाही.

अलीकडे आयवो इथे खरं बंदर बांधायचं काम आशियाई विकास बँक आणि इतरांच्या पैशातून हाती घेतलं गेलं. ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता.

तिथले लोक अतिशय मायाळू. संध्याकाळी नॉडी नावाचे काळे पक्षी थव्यांनी परत यायचे, आणि ते पकडायला माणसं टॉपसाइडला जायची. नॉडी हे त्यांचं आवडतं खाणं.

तळटीप

लेख चांगला आहे, पण एक बाजू राहिली. नौरूची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो ती अशी : सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंत देशांत गणना, कर नाही, घर-दवाखाना-शिक्षण सरकारी खर्चाने. मेलबर्नमध्ये ५२ मजली 'नौरू हाऊस' बांधलं (१९७७), स्वतःची विमान कंपनी काढली, एवढ्याशा देशाला पेलवणार नाहीत इतकी विमानं घेतली. लंडनच्या एका संगीत नाटकात पैसे घातले, ते आपटलं. मग कर्ज, मग २००४ मध्ये नौरू हाऊस विकलं, २००५ मध्ये शेवटचं विमानही सावकारांनी नेलं. नव्वदच्या दशकात तर शेकडो कागदी बँका नोंदवून दिल्या आणि काळ्या पैशाचं आगर म्हणून नाव झालं.

पायाखालून माती नेली हे खरं, पण निम्म्याहून जास्त माती त्यांनी स्वतःच विकली. स्वातंत्र्यानंतर.

नकाशावेडा

तळटीप, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. आकडा तुमच्या बाजूने आहे. १९६७ च्या मध्यापर्यंत फॉस्फेटच्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांश खणून झाली होती. उरलेली नंतर.

पण गोष्ट १९७० ला सुरू केली की नौरू उधळ्या वारसासारखा दिसतो. ती १९०० ला सुरू करून बघू.

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. नौरूहून आणलेला, लाकडाचं दगड झालेलं असावं अशी समजूत. आल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने तो तपासून घेतला तर उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. बेट तेव्हा, १८८८ पासून, जर्मनीच्या ताब्यात. खाणकाम १९०७ च्या सुमारास चालू झालं. जमीनमालकाला सुरुवातीला मिळायचं ते टनामागे अर्ध्या पेनीच्या आसपास. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं, मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नेमले. ते फॉस्फेट बाजारभावाने विकत नसत. उत्पादन खर्चाच्या भावात आपल्या शेतकऱ्यांना देत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं हिरवी झाली ती या स्वस्त सुपर फॉस्फेटवर. मी खतं विकतो, मला यातला अर्थ लगेच कळतो : अनुदान दिलं नौरूच्या लोकांनी, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

जुनाखलाशी

नकाशावेडा, मधलं युद्ध राहिलं. ते मला तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने सांगितलं होतं, नंतर मी वाचून ताडून पाहिलं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये जपान्यांनी बेट घेतलं. १९४३ मध्ये बाराशे नौरूवासीयांना जहाजांत घालून दीड हजार किलोमीटरहून लांब 'चुक' (ट्रुक) नावाच्या बेटांवर मजुरीला नेलं. कुष्ठरोग्यांना एका होडीत घालून समुद्रात बुडवलं, एकोणचाळीस जण. चुक बेटांवर उपासमार आणि बाँबफेक. ३१ जानेवारी १९४६ ला जहाज परत आलं तेव्हा उतरले ७३७.

स्वातंत्र्याची तारीख त्यांनी मुद्दाम तीच घेतली, ३१ जानेवारी १९६८.

आणखी एक सांगतो. त्यांचा 'अंगाम' नावाचा सण असतो, २६ ऑक्टोबरला. १९२० च्या फ्लूच्या साथीनंतर माणसं इतकी कमी झाली की वंश टिकायला निदान दीड हजार तरी हवेत असं मानलं गेलं. १९३२ मध्ये दीड हजारावं मूल जन्मलं, मुलगी, त्या दिवसाचा सण झाला. युद्धाने संख्या पुन्हा खाली आणली. १९४९ मध्ये परत दीड हजार झाले तेव्हा दुसऱ्यांदा अंगाम. माणूस जन्मला म्हणून अख्ख्या देशाने सण करावा, असं दुसरीकडे कुठे मी ऐकलेलं नाही.

रानजाई

हे वाचून मन भरून आलं. मी एका सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते, नौरूचं नाव आम्हाला अभ्यासात आलं ते वेगळ्याच कारणाने. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ते वर्षानुवर्षं आहे.

याचं कारण 'खाऊन-पिऊन सुस्तावले' असं वर्गात सांगितलं गेलं होतं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. मधला उंचवटा खणून गेल्यावर पिकवायला उरते ती किनाऱ्याची पट्टी, तीही घरांनी भरलेली. पूर्वी नारळ, केवड्याच्या जातीचं पँडॅनस, बुआडा तळ्यात पाळलेले 'इबिया' मासे, समुद्रातली मासळी. खाणीबरोबर आलं आयातीचं अन्न : पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं मांस. गोड्या पाण्याची नदी नाही. एके काळी फॉस्फेट न्यायला येणारी जहाजं येताना पाणी घेऊन यायची, आता पावसाचं पाणी आणि खारं पाणी गोडं करणारी यंत्रं. अशा ठिकाणी ताजी भाजी किती महाग पडत असेल! माझ्यासमोर रोज बसणाऱ्या बायकांना मी 'पालेभाज्या खा' सांगते तेव्हा निदान बाजारात मेथी असते.

डिचोलीकर

मी गोव्यातला, खाणपट्ट्यातला. इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता लिहितोच.

टॉपसाइडचे फोटो पाहिले. आमच्याकडे सुळके नाहीत, डंप आहेत. तांबड्या मातीचे डोंगर, जे देवाने केलेले नाहीत. माझ्या लहानपणी घराखालच्या झरीला बारमाही पाणी होतं. खाण जसजशी खोल गेली तशी झर आटली, विहीर आटली, आणि पावसात डंपाची माती वाहून शेतात बसली. ज्यांनी खणलं त्यांच्याकडून टँकर यायचा. पाणी मिळतंय ना, मग तक्रार कसली, असं आम्हाला सांगत. ट्रक घेतलेले लोक पण आमचेच, माझा सख्खा मामा त्यांत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच्या हप्त्यांचे काय हाल झाले ते मी पाहिलंय. म्हणून तळटीप, 'त्यांनी स्वतःच विकलं' हे वाक्य मला सहज म्हणता येत नाही. ज्या गावात दुसरं काहीच उरू दिलेलं नाही, तिथे माणूस विकतोच.

२०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. तेव्हा मी पहिल्यांदा नौरूचं नाव ऐकलं. अशा निधीची चर्चा निघाली की नौरूचं उदाहरण हमखास येतं, कारण तिथे रॉयल्टी ट्रस्ट, म्हणजे फॉस्फेटच्या पैशाचा राखीव निधी, होता आणि तरी पैसा वाचला नाही.

तळटीप

डिचोलीकर, तुमचं लिहिणं वाचून माझं वाक्य मला खटकलं. ते तसं नको होतं. पण शासनाचा प्रश्न मी सोडत नाही. ट्रस्ट बुडाला तो बाहेरच्या भामट्या सल्लागारांमुळे तसाच घरच्या ढिलाईमुळे. हिशेब वेळेवर नाहीत, तुटीचं अंदाजपत्रक, आणि सरकारं सतत पडणारी.

कलम३२

सरकारं पडण्याचं कारण त्यांच्या रचनेत आहे, ते थोडं सांगते.

संसदेत १९ सदस्य, आठ मतदारसंघ, मुदत तीन वर्षं. राष्ट्राध्यक्ष संसदेतूनच निवडला जातो, तोच राष्ट्रप्रमुख आणि तोच सरकारचा प्रमुख. पक्ष जवळपास नाहीत, सगळं नातीगोती आणि व्यक्तीवर. दहा माणसं एका बाजूला गेली की सरकार गेलं. एकाच वर्षात दोन-तीन राष्ट्राध्यक्ष झाल्याची उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून डेव्हिड अडिआंग आहेत. अधिकृत राजधानी नाही, संसद आणि कचेऱ्या यारेन जिल्ह्यात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, सैन्य नाही.

मतदानाची पद्धत मात्र मला फार आवडते. मतदाराने सगळ्याच उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव, असं खाली. बेरीज करून निकाल. डेस्मंड डाउडल नावाच्या अधिकाऱ्याने १९७१ मध्ये ही बसवली म्हणून 'डाउडल पद्धत'. मतदान सक्तीचं, वय २०. जिथे प्रत्येक उमेदवार कुणाचा तरी चुलतभाऊ आहे तिथे एकालाच मत देऊन बाकीच्यांना नाकारण्यापेक्षा हे माणुसकीचं वाटतं.

आणि एका गोष्टीबद्दल नौरूला मी कायद्याची विद्यार्थिनी म्हणून नमस्कार करते. १९८९ मध्ये या देशाने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. दावा साधा : स्वातंत्र्याआधी तुमच्या कारभारात जी जमीन खणली ती पूर्ववत करायची जबाबदारी तुमची. ऑस्ट्रेलियाने आक्षेप घेतले, त्यांतले मुख्य १९९२ मध्ये न्यायालयाने फेटाळले आणि खटला चालणार असं ठरलं. मग १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली, १०७ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर. ब्रिटन आणि न्यूझीलंडने त्यात प्रत्येकी १२ दशलक्षांचा वाटा उचलला.

डिचोलीकर

आणि त्या पैशातून जमीन पूर्ववत झाली का? हाच माझा प्रश्न आहे. आमच्याकडेही खड्डे भरायची भाषा होते.

कलम३२

फारच थोडी. सुळके फोडून सपाट करायचे, वर माती आणायची, ती माती कुठून आणणार? बेटाबाहेर तर गेली. शिवाय तिथे जमीन सरकारची नसते, कुटुंबांची असते आणि वारसांमध्ये वाटत वाटत एका तुकड्याला शेकडो मालक. सुळक्यांच्या मधल्या तळाशी उरलेलं फॉस्फेट, ज्याला दुय्यम खाणकाम म्हणतात, ते २००६ च्या आसपास सुरू झालं, तेही आता सरत आलंय. काही भाग सपाट करून वापरात आणलेत. समुद्र वाढतोय, किनाऱ्याची पट्टी सखल, त्यामुळे माणसांना वर टॉपसाइडवर नेण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे. म्हणजे ज्या जागेची नासाडी झाली तिथेच आता आसरा शोधायचाय.

रानजाई

मग आज त्यांचं भागतं कशावर?

नकाशावेडा

मी जेवढं गोळा केलं ते सांगतो. पहिलं मासे. २१ चौरस किलोमीटर जमिनीभोवती तीन लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र त्यांच्या हक्काचा आहे. १९८२ चा 'नौरू करार' या देशाच्या नावाने ओळखला जातो. आठ बेटदेश एकत्र आले आणि परदेशी ट्यूना जहाजांना दिवसांच्या हिशेबाने परवाने विकू लागले. एकेकट्याला कुणी विचारलं नसतं, आठांना विचारावं लागतं. मला सगळ्या गोष्टीत हा भाग फार उमेदीचा वाटतो.

दुसरं उत्पन्न लिहायला जड जातं. २००१ पासून ऑस्ट्रेलिया समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांना नौरूत ठेवू लागली, २००८ मध्ये केंद्र बंद, २०१२ मध्ये पुन्हा सुरू. आत अडकलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं फार सोसलं. मुलंही होती. चुक बेटांवर नेलेल्यांच्या नातवंडांच्या बेटावर हे व्हावं याचा मला त्रास होतो, आणि त्याचा मोठा दोष पैसे मोजणाऱ्याकडे जातो असं माझं मत आहे.

बाकी : तैवान की चीन, या मान्यतेच्या बदल्यात मदत (२००२ मध्ये चीन, २००५ मध्ये तैवान, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन). २०१५ पासून नवा पिढ्यांसाठीचा निधी, आणि या वेळी त्यात ऑस्ट्रेलियासारखे बाहेरचे देशही बसवलेत. २०२५ पासून पैसे घेऊन नागरिकत्व, टॉपसाइडच्या वसाहतीसाठी. आणि खोल समुद्रातलं खाणकाम. प्रशांत महासागराच्या तळाशी धातूंचे गोळे आहेत, ते काढणाऱ्या कंपनीला नौरू पुरस्कृत करतो. २०२१ मध्ये नियम लवकर करा म्हणून आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला मुदत घातली ती नौरूनेच.

डिचोलीकर

परत खाणच. वाईट वाटलं वाचून. पण रागवू शकत नाही.

जुनाखलाशी

सगळं दुःखाचंच लिहून जाऊ नका रे. मार्कस स्टीफन आठवतो का कुणाला? वेटलिफ्टर. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९० पासून या इवल्या देशाला सुवर्णपदकं आणून दिली, आणि २००७ ते २०११ तोच राष्ट्राध्यक्ष. त्यांचा झेंडा पण बघा, निळ्या समुद्रावर पिवळी विषुववृत्ताची रेघ आणि तिच्या खाली बारा टोकांचा पांढरा तारा, बारा कुळांसाठी. भाषा त्यांची स्वतःची आहे, देशाला ते 'नाओएरो' म्हणतात.

नकाशावेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पारादीपचं राहिलं होतं. नौरूने १९९३ मध्ये आपला हिस्सा भारत सरकारला देऊन टाकला, खटल्याची तडजोड झाली त्याच वर्षी. २००२ मध्ये कंपनीचा मोठा वाटा झुआरी आणि मोरोक्कोच्या कंपनीच्या भागीदारीकडे गेला. माझ्या दुकानातल्या गोणीपर्यंतचा धागा तो असा.

काल रात्री हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. डोळ्यांना आता दिसत नाही त्यांच्या. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. धाग्यात न आलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाने नौरूच्या लोकांना क्वीन्सलँडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं होतं, सगळे तिकडे चला, तुमचं बेट तर संपतंय. हॅमर डिरोबर्ट हे त्यांचे पुढारी, पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष. तिथे राहायला मिळेल पण स्वतःचं राज्य नसेल, आपण ऑस्ट्रेलियन होऊन विरघळून जाऊ, असं दिसल्यावर १९६४ मध्ये त्यांनी नकार दिला. नंतर चार वर्षांत देश झाले.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या बेटावर पाणी होतं का, जे देत होते त्यावर?" मी म्हटलं, यांच्यापेक्षा नक्कीच जास्त, जमीनही मोठी. "तरी नाही गेले?" नाही गेले. "बरं केलं," म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.